दिनकरमामांचा दुसरा भाचा

शालनकाकूंच्या कॉम्प्युटरनं बोंब मारली तेव्हा मी शेजारच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एका आजोबांचा सातबारा काचेवर सरळ करत होतो. आधी वाटलं, रस्त्यानं ॲम्ब्युलन्स चाललीय. मग त्या भोंग्याच्या आतून एक बाई इंग्रजीत दरडावायला लागली. कऱ्हाडच्या शनिवार पेठेतून ॲम्ब्युलन्स पुष्कळ जातात, पण इंग्रजीत दरडावणारी एकही नाही. आवाज मधल्या भिंतीतून येत होता.

प्रवेशाचे दिवस होते आणि दुकानापुढं पोरांच्या आईबापांची गर्दी होती. मला लगेच उठता आलं नाही. थोड्या वेळानं आवाज थांबला तेव्हा म्हटलं, चला, आपलं आपण मिटलं. पण मन काही झेरॉक्सकडं लागेना, कारण काकूंच्या त्या कॉम्प्युटरात त्या दिवशी माझा जीव अडकलेला होता. शेवटी गर्दीला 'आलोच' म्हणून मी शेजारच्या दारात गेलो.

दारावर पाटी होती, 'शुभसंकेत वधू-वर सूचक केंद्र, संचालिका श्रीमती शालन मोहिते'. आत काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मोबाईल टेबलावर ठेवून स्पीकर लावलेला होता. स्क्रीनवर लाल चौकट, त्यात एका मोठ्या कंपनीचं चिन्ह, आणि खाली ठळक आकड्यांत एक फोन नंबर.

"हां काकू, आता ते खाली आलेले आकडे मला वाचून दाखवा," फोनमधला माणूस म्हणाला. मराठी स्वच्छ होतं.

"काकू, कोण आहे?" मी विचारलं.

काकूंनी हातानंच मला गप्प केलं आणि आकडे वाचून दाखवले. मी पुढं होऊन बटणाकडं हात नेला तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"हात लावू नगंस! बंद केला तर आतलं समदं पुसून जाईल म्हणालेत. कंपनीचा माणूस हाय. मीच फोन केलाय, त्यांनी न्हाई."

"नंबर कुठनं मिळाला?"

"हितं पडद्यावरच दिलाय की."

चोरानंच दारावर चिठ्ठी लावावी की चोरी झाल्यास मला कळवा, तसला तो प्रकार होता. पण हे मला आता सुचतंय. तेव्हा मी फक्त स्क्रीनकडं पाहिलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत, काकूंचा हात माऊसवर नसताना, स्क्रीनवरचा बाण चालायला लागला. तो सावकाश एक फोल्डर उघडायचा, आत डोकवायचा, पुन्हा बाहेर यायचा.

इथं काकूंबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शालनकाकूंइतकं संशयी माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि हे मी कौतुकानं म्हणतोय. स्थळ आलं की मुलाचा पगार त्या मुलाला विचारत नसत, त्याच्या वाण्याला विचारत. मुलगा पितो का हे बघायला त्याच्या मित्राच्या लग्नाच्या वरातीला स्वतः जाऊन उभ्या राहत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणूस पुढनं बघू नये, मामाकडनं बघावा. पुढनं ज्यो त्यो केस विंचरूनच येतो." मुलगा आपली माहिती पाठ करून येतो, बापाची करून येतो, पण मामाचं कुणी पाठ करत नाही, असा त्यांचा अनुभव. मूळ गाव, देवक, मामेकूळ, मामा काय करतो, मामी कुठली, एवढं खडाखडा सांगणारा माणूस खरा आणि अडखळणारा खोटा. या परीक्षेवर त्यांनी आयुष्यभर लग्नं जमवली आणि फारशी मोडली नाहीत.

दुसऱ्यांची अशी झडती घेणाऱ्या काकू आपल्याकडच्या स्थळाला मात्र हलका हात फिरवून देत. कंपाउंडर त्यांच्या बायोडाटात 'वैद्यकीय क्षेत्रात' असे. किराणावाला 'घाऊक व्यापारी' होई. बायोडाटे टाइप करून द्यायचं काम माझं, त्यामुळं हे उजळणं माझ्याच बोटांखालून जायचं. त्या सकाळी तर त्यांनी मलाच उजळलं होतं.

काकूंकडंच नाव नोंदवलेली उंब्रजच्या साळुंखेंची ऋतुजा मी एकदा बघून आलो होतो. शाळेत शिकवते. चहा देऊन समोर बसली आणि म्हणाली, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा, मला चालतं." मला काहीएक सुचलं नाही. घरी येताना स्कूटरवर मात्र शंभर प्रश्न सुचले, आणि तेव्हापासून मी त्या घरच्या निरोपाकडं डोळे लावून बसलो होतो. साळुंखेंनी सविस्तर बायोडाटा मागवला होता. तो सकाळी काकूंनी शेजारी बसून माझ्याकडूनच टाइप करून घेतला. मामाच्या रकान्यात मी लिहिलं, दिनकर निकम, साखर कारखान्यात काटा क्लार्क.

"काटा क्लार्क?" काकू म्हणाल्या. "चीफ केमिस्ट लिही."

"काकू, मामा काट्यावर असतात. उसाच्या ट्रॅक्टरचं वजन करतात."

"कारखान्यातच असत्यात न्हवं? मग दोन खोल्या हिकडं का तिकडं. लिही."

मी नाही म्हटलं तर त्यांनी एका बोटानं स्वतःच टाइप केलं. मामांच्या उभ्या नोकरीत त्यांना मिळालेली ही एकमेव बढती, आणि तीही त्यांना न कळवता.

पण माझा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. प्रत्येक फाईलच्या शेवटी एक पान असे, ते छापायचं नाही. त्यात काकूंचा खाजगी शेरा. कुणाच्या अंगावर कोड आहे, कुणाचा बाप दुसऱ्या बाईकडं राहतो, कोण तीन महिने नांदून परत आलीय. माणसं काकूंच्या कानात सांगत आणि हलकी होऊन जात, कारण काकूंच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही ही ख्याती. माझ्या पानावर होतं, 'लहानपणी फिट येत. बारा वर्षांचा झाल्यापासून एकदाही नाही. गोळ्या बंद. डॉक्टरांचा कागद पाहिला.' साळुंखेंना हे आधीच सांगू या असं मी दोनदा म्हटलं होतं. काकू म्हणाल्या होत्या, "सुपारी फुटू दे, मग मी माझ्या तोंडानं सांगते. फिट हा शब्द आधी कानावर पडला की माणसाला पुढचं काय ऐकू येत न्हाई."

आणि आता तो बाण त्याच फोल्डरांत हिंडत होता.

"काकू, आता स्क्रीन काळी होईल," फोनमधला म्हणाला. "आत सफाई चालू आहे. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

स्क्रीन काळी झाली. डबा मात्र आतून घरघरत राहिला. स्पीकरमधून पलीकडच्या खोलीतले आणखी आवाज येत होते. कान देऊन ऐकलं तर कुणीतरी हिंदीत कुणाला तरी हेच सांगत होतं, टेन्शन मत लीजिए. त्याच्याही पलीकडं तेच.

"काकू, हे बरोबर वाटत नाही मला," मी हळूच म्हटलं.

"तुमच्याजवळ कुणी आहे का?" फोनमधल्यानं लगेच विचारलं.

"हाय, शेजारचा मुलगा. माझं टायपिंग करतो."

"तो तुमच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावतो का?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी रोजच लावायचो. त्यांचे बायोडाटे माझ्या मशीनवर छापायला दुसरा मार्गच नव्हता.

"लावतो," काकू म्हणाल्या.

"मग तिथूनच आलंय हे. मुद्दाम टाकलंय की चुकून, ते आम्ही शोधू. पण काकू, काम होईपर्यंत त्याला जवळ येऊ देऊ नका. आणि आत्ता कुणाला काही सांगू नका."

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण काकूंनी आपली खुर्ची माझ्या आणि कॉम्प्युटरच्या मध्ये सरकवली. वाण्याला जाऊन मुलाचा पगार विचारणारी बाई! तिच्या संशयाला त्या माणसानं बरोबर माझी दिशा दाखवली होती.

"जोतिराम, तिकडं बाकावर बस," त्या म्हणाल्या.

"काकू, मी कशाला व्हायरस टाकीन?"

"टाकला म्हणत न्हाई मी. बस म्हणते."

मी बाकावर बसलो. या बाकावर वरपक्षाची माणसं बसत. समोर पंख्याच्या वाऱ्यानं गणपतीचं कॅलेंडर हलत होतं.

"काकू, सफाई झालीय, पण ज्यांनी हल्ला केलाय ते तुमच्या बँकेपर्यंत पोचलेत," फोनमधला म्हणाला. "आता आपण तुमचं बँकेचं खातं उघडून सुरक्षित करू. मोबाईलवर मेसेज येईल, तो फक्त मला वाचून दाखवायचा."

बँक हा शब्द ऐकला आणि काकूंची पाठ आणखी ताठ झाली. मला बरं वाटलं. म्हटलं, आता म्हातारी जागी झाली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "बँकेचं काम म्हंजे चौकशी आली. मी पोरगी देताना चौकशी करते, मग खातं उघडताना नको? तुमचं नाव काय म्हणालात?"

"विक्रांत."

"आडनाव?"

जरासा वेळ गेला. बटणांचा आवाज आला.

"जगदाळे."

"अगंबाई!" काकूंनी माझ्याकडं वळून पाहिलं. माझं आडनाव जगदाळे. "कुठले जगदाळे? मसूरचे का?"

पुन्हा बटणांचा आवाज. "नाही काकू. मूळचे वडगाव हवेलीचे."

आम्हीही वडगाव हवेलीचे. पण गावात जगदाळ्यांची घरं पुष्कळ. काकूंचा चेहरा मात्र खुलला.

"देवक?"

"पंचपल्लव."

"बरुबर. वडील काय करत्यात?"

"वडील नाहीत, काकू. एसटीत होते. आई असते घरी."

माझे वडील एसटीत होते. मी बाकावरून उठलो. काकूंनी पुन्हा हात दाखवला, पण आता त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. त्यांचा जीव त्या आवाजात गुंतला होता. इतकी सरळ उत्तरं त्यांना खऱ्या उमेदवारांकडूनही मिळत नसत.

"चांगल्या घरातलं दिसतंय पोरगं," त्या मला म्हणाल्या, स्पीकर चालू असतानाच. "उगा संशय घेतोस तू."

मी टेबलापाशी गेलो आणि एका कोऱ्या पाकिटावर पेनानं लिहिलं, 'मामा विचारा.' पाकीट त्यांच्यापुढं सरकवलं. काकूंनी वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मामा मी विचारणारच होते, तू कोण सांगणारा, असा तो चेहरा होता.

"आजोळ कुठलं तुमचं? मामा काय करतात?"

"मामा निकम, काकू," आवाज आनंदात म्हणाला. त्यालाही आता परीक्षा पास झाल्यासारखं वाटत असावं. "दिनकर निकम. साखर कारखान्यात चीफ केमिस्ट आहेत."

काकूंनी पाकिटाकडं पाहिलं, काळ्या स्क्रीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. दिनकर निकम नावाचा चीफ केमिस्ट या जगात कुठल्याही कारखान्यात नव्हता. तो फक्त काकूंच्या कॉम्प्युटरात होता, आणि त्याचं वय एका सकाळीएवढं होतं.

तो माणूस माझी फाईल वाचत होता. सकाळी शेवटची उघडलेली तीच होती.

मला वाटलं, काकू आता ओरडतील. पण त्यांनी पदर सारखा केला, खुर्ची मागं ढकलली आणि नेहमीच्या प्रेमळ आवाजात विचारलं, "आणि मामी कुठल्या म्हणायच्या?"

बटणांचा आवाज आला. बराच वेळ आला. मामींचं माहेर बायोडाट्यात लिहायची पद्धत नाही.

"मामी... पुण्याच्या, काकू."

"नाव काय मामींचं? मामाकडं सुट्ट्या काढल्या असशील, लेका, मामीचं नाव ठावं न्हाई?"

"काकू, वेळ जातोय. हॅकर आत आहेत. मेसेज वाचा ना."

"हॅकर आत हायत हे खरं," काकू म्हणाल्या. "आणि तुझ्या मामाला चीफ केमिस्ट कुणी केलं ठावं हाय का? मी केलं. आज सकाळी."

मी तोवर टेबलाखाली वाकलो होतो. पण काकूंनी मला थांबवलं, स्वतः वाकल्या आणि भिंतीतली पिन हिसकून काढली. घरघर थांबली. इंटरनेटच्या डबीची पिनही त्यांनी काढली. फोन मात्र अजून चालू होता, आणि त्यातला आवाज आता साफ बदलला होता.

"ए म्हातारे," तो म्हणाला, "पिन काढून काय होतं? सगळ्या फायली आल्यात माझ्याकडं. शेवटचं पानसुद्धा. कुणाला कोड, कुणाला फिट. सगळे फोन नंबर आहेत. घरोघर फोन लावतो बघ. नाहीतर सांगतो तेवढे पाठव."

काकूंनी फोन कट केला. तो लगेच पुन्हा वाजला. त्यांनी तो नंबर लिहून घेतला आणि मोबाईल बंद करून पालथा ठेवला.

पुढचे तास धावपळीत गेले. माझ्या फोनवरून बँकेला कळवून खातं बंद करून घेतलं. सायबरच्या हेल्पलाइनला आणि मग पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तिथल्या बाईंनी सांगितलं की कुठलीही कंपनी स्क्रीनवर भोंगा वाजवून नंबर देत नाही, पैसे अजिबात पाठवू नका आणि तो डबा पुसून घेतल्याशिवाय लावू नका. पैसे गेले नव्हते म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. काकूंनी टाकला नाही.

"पैशाचं काय, कष्ट करून येत्यात," पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या. "लोकांनी पोटातलं माझ्या पोटात ठेवलं होतं, जोतिराम. आता त्यो भाड्या ते विकणार."

त्या रडल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. मला त्यांचा राग होता, बाकावर बसवल्याचा, पण तो तिथंच विरघळला.

"सगळ्यांना फोन करून सांगू या," मी म्हटलं. "आधी आपण सांगितलं की त्याच्या हातात काही उरत नाही."

"फोनवर न्हाई. अशी गोष्ट तोंडासमोर बसून सांगावी लागती. चल, गाडी काढ. आधी उंब्रज."

"माझंच आधी?"

"त्यानं तुझीच फाईल आधी उघडलीय. फोनही तिथंच आधी जाणार."

मी स्कूटर काढली, वाटेत घरून डॉक्टरांचा कागद घेतला. मागं काकू एका अंगाला बसल्या, पर्स छातीशी धरून. मला मनातून ठाऊक होतं की मी स्वतःच्या हातानं आपलं स्थळ मोडायला चाललोय. पण परत फिरा असंही तोंडातून निघेना.

ऋतुजाचे वडील बाळासाहेब साळुंखे ओसरीत बसले होते. ऋतुजा आतून पाणी घेऊन आली आणि मला बघून थबकली. काकूंनी पाणी घेतलं नाही.

"आधी ऐका, मग पाणी द्यायचं का न्हाई ते ठरवा," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. भोंगा, फोन, आकडे वाचून दाखवले ते, पोराला बाकावर बसवलं ते, त्या चोरानं पोराचाच मामा आपला म्हणून सांगितला ते. मग म्हणाल्या, "दोन गोष्टी मी तुमच्यापासून राखल्या. मुलाचा मामा चीफ केमिस्ट न्हाई. काट्यावर क्लार्क हाय. ते खोटं माझं, पोरगा नको म्हणत होता. आणि दुसरं."

"दुसरं मी सांगतो," मी म्हटलं.

कुठल्या शब्दांत सांगितलं ते मला आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की मी जमिनीवरच्या फरशीकडं बघून बोलत होतो. फिट यायच्या, शाळेत एकदा प्रार्थनेच्या रांगेत पडलो होतो, बारा वर्षांचा झाल्यापासून नाहीत, डॉक्टरांचा कागद आणलाय. कागद पुढं केला. साळुंखेंनी तो घेतला आणि बराच वेळ वाचत राहिले.

"काट्यावर हाय म्हणता मामा," अखेर ते म्हणाले. मला कळेना की हा माणूस फिटचं सोडून काट्याचं काय घेऊन बसलाय. "काटा मारणाऱ्यांतला का न मारणाऱ्यांतला?"

"न मारणाऱ्यांतला. म्हणून तर तिथंच राहिले, वर चढले नाहीत."

साळुंखेंनी कागदाची घडी घालून मला परत दिला. तेवढ्यात ऋतुजा म्हणाली, "काकू, माझंही पान गेलं असेल की."

"गेलं, बाळ," काकू म्हणाल्या. त्या पानावर काय होतं ते मात्र त्यांनी आपणहून सांगितलं नाही.

ऋतुजा माझ्याकडं वळली. "माझा साखरपुडा मोडलाय एकदा. मीच मोडला. नोकरी आहे म्हणून सांगितलं होतं त्यानं, रोज डबा घेऊन घरातून निघायचा आणि बागेत जाऊन बसायचा. नोकरी नाही हे सांगितलं असतं तर मी लग्न केलं असतं."

"ऋतुजा," साळुंखे म्हणाले.

"आता फोनवरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, बाबा."

चहा झाला. निघताना साळुंखे म्हणाले, "कळवतो." आमच्याकडं 'कळवतो' म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. परतीच्या वाटेवर काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो कऱ्हाड येईपर्यंत काढला नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही दुकानं बंद ठेवून हिंडलो. घरोघर तेच सांगायचं. एका घरात काकूंना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. एका बाईनं शिव्या दिल्या आणि मग आत नेऊन जेवू घातलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे आता माझ्या लेकीचं कोड जगाला कळणार?" काकू म्हणाल्या, "कळंल. तुम्हीच आधी सांगा, दादा, म्हंजे कुणी विकू शकणार न्हाई." तो रडला. काकूही त्याच्यापाशी बसून रडल्या. त्यानंतर काकूंच्या कॉम्प्युटरात शेवटचं पान कधी आलं नाही. आज इतकी वर्षं झाली, त्या आता थकल्यात, पण जे छापता येत नाही ते लिहायचं नाही हा नियम त्यांनी मोडलेला नाही. आणि कंपाउंडरला त्या कंपाउंडरच म्हणतात.

त्या हिंडण्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येऊन मी नुकतं दुकान उघडून झाडत होतो, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. त्या दिवसांत अनोळखी नंबर दिसला की मला तो चोरच वाटायचा. तरी उचलला.

"मी ऋतुजा बोलतेय. उंब्रजहून."

केरसुणी माझ्या हातातच राहिली. "बोला," मी म्हटलं. मोडल्याचा निरोप स्वतः द्यायला फोन केला, केवढी सरळ मुलगी, असं मनात आलं.

"तुमच्या मावसभावाचा फोन आला होता मघाशी."

"मला मावसभाऊ नाही."

"आहे की. दिनकरमामांचा भाचा. चीफ केमिस्टांचा."

मी मटकन स्टुलावर बसलो. "काय म्हणाला?"

"म्हणाला, जगदाळ्यांच्या मुलाला फिट येतात, तुम्हाला फसवतायत. मी म्हटलं, येत होत्या. बारा वर्षांचे झाल्यावर थांबल्या. शाळेत प्रार्थनेला पडले होते. पुढं बोला."

"मग?"

"मग जरा गडबडला. म्हणाला, तुमचा साखरपुडा मोडलाय हे मी त्यांना सांगेन. पैसे पाठवा. मी म्हटलं, तेही त्यांना सांगून झालंय, चहाबरोबर. आणखी काही आहे का तुमच्याकडं?"

"मग?"

"नव्हतं काही. मग मीच विचारलं."

"काय विचारलंत?"

"म्हटलं, आमचं सगळं झालं. आता तुमचं सांगा. मूळ गाव कुठलं तुमचं? मामा काय करतात?" ती हसत होती. "ठेवला त्यानं."

मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते फोनवर दिसत नाही हे बरं होतं. भिंतीपलीकडं काकू कुणाशी तरी बोलत होत्या.

"ऐकताय ना?" ऋतुजा म्हणाली.

"ऐकतोय."

"बाबा म्हणतायत, रविवारी बैठकीला या. आणि मामांना घेऊन या. काट्यावरच्या."